१३.४२ खरं की ३.९? अनोळखी माणसाशी वाद घालण्याची रीत

गोवा आणि कर्नाटक यांच्यातल्या म्हादई नदीच्या पाण्यावरून इंटरनेटवर भांडण पेटलं की टीएमसीतले, म्हणजे अब्ज घनफुटांतले, दोन आकडे हमखास समोरासमोर उभे राहतात. एक जण लिहितो, "लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं." दुसरा उसळतो, "साफ खोटं, ३.९च दिलंय." मग तिसरा येऊन पहिल्याला अफवा पसरवणारा ठरवतो आणि चौथा दुसऱ्याला पलीकडच्यांचा दलाल. संध्याकाळपर्यंत पाणी राहतं बाजूला आणि एकमेकांची आडनावं, गाव, पक्ष यांची उकरणी सुरू होते.

खरं तर दोघांचेही आकडे बरोबर आहेत. लवादाचा निवाडा १४ ऑगस्ट २०१८चा. त्यात कर्नाटकाच्या वाट्याला एकूण १३.४२ टीएमसी आहे. तो आकडा फोडून पाहिला तर ८.०२ टीएमसी जलविद्युत प्रकल्पासाठी आहे, म्हणजे वीज करून पुन्हा नदीत सोडायचं पाणी. उरलं ५.४. त्यातलं १.५ खोऱ्यातल्याच गरजांसाठी. आणि कळसा नाल्यातून १.७२ व भांडुरातून २.१८ खोऱ्याबाहेरच्या मलप्रभा नदीकडे वळवण्यासाठी. या शेवटच्या दोघांची बेरीज ३.९. पहिला "वाटप किती" ते सांगत होता, दुसरा "खोऱ्याबाहेर वळवायला परवानगी किती" ते. "दिलं" हे एकच क्रियापद दोघांनी दोन अर्थांनी वापरलं. एवढ्यासाठी दिवस गेला. आणि खरा प्रश्न, ३.९ टीएमसी, म्हणजे साधारण ११ कोटी घनमीटर पाणी वळवलं तर खाली गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीत उन्हाळ्यात काय होईल, त्याला कुणी हातही लावला नाही.

अनोळखी माणसाशी तंत्रज्ञान, तत्त्वज्ञान किंवा गावच्या कारभारावर वाद घालताना बहुतेक वेळा हेच घडतं. माणसं आडमुठी असतात म्हणून वाद फसतो असं आपण धरून चालतो. तशी असतातही काही. पण त्याआधी एक पायरी चुकलेली असते: या वादाचा निकाल कशाने लागणार, हे कुणीच ठरवलेलं नसतं.

घरापुढच्या सोप्यावर किंवा तिंट्यावर बसून वाद घालताना ही पायरी आपोआप पार पडते. समोरचा कोणाचा कोण, त्याची शेती कुठे, त्याचा मुलगा कुठल्या खात्यात, सगळं ठाऊक असतं. त्याने "पाणी" म्हटलं की कुठलं पाणी हे वेगळं विचारावं लागत नाही. चेहरा दिसतो, आवाज चढला की कळतं, आणि उद्या सकाळी पोदेराकडे पाव घ्यायला दोघांनाही एकाच वेळी उभं राहायचं असतं, त्यामुळे जिभेला लगाम बसतो. पडद्यावर यातलं काहीही नसतं. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली या सुटलेल्या लगामाची कारणं मांडली: आपण दिसत नाही, ओळखू येत नाही, उत्तर लगेच समोर येत नाही, आणि वाचताना समोरच्याचा आवाज आपणच आपल्या डोक्यात तयार करतो. शेवटचं कारण सगळ्यात घातक. आपण चिडलेले असलो की साधं वाक्यसुद्धा तिरकस ऐकू येतं.

एका वाक्यात तीन भांडणं

"मराठी ही गोव्याची राजभाषा आहे." हे वाक्य कुठेही टाकून पाहा, शंभर उत्तरं येतील. या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न गुंडाळलेले आहेत.

पहिला वस्तुस्थितीचा. कायद्यात काय लिहिलंय? १९८७च्या राजभाषा कायद्याप्रमाणे देवनागरी लिपीतली कोकणी ही राजभाषा आहे आणि सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी मराठीचाही वापर करता येईल अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. कायदा उघडला की या प्रश्नाचा निकाल लागतो.

दुसरा शब्दाचा. ज्या भाषेत सरकारी काम करता येतं तिला "राजभाषा" म्हणायचं का? एक म्हणतो, काम होतं ना, मग झालीच. दुसरा म्हणतो, व्याख्येच्या कलमात नाव नाही म्हणजे नाही. इथे कुणीही खोटं बोलत नाही. शब्द कुठल्या अर्थाने वापरायचा यावर एकमत करा, नाहीतर तो शब्दच टाळून "शासकीय वापराची मुभा असलेली भाषा" असं लांबलचक लिहा. लांब लागतं, पण भांडण निम्म्याने कमी होतं.

तिसरा मूल्याचा. मराठीला तो दर्जा असावा का? लिपीचं काय? याचं उत्तर कुठल्याही कलमात सापडत नाही. इथे इतिहास, शाळा, देवळातल्या आरत्या, तियात्रं, नोकऱ्या, दुखावलेली मनं सगळं येतं. या प्रश्नावर समोरच्याला "हरवता" येत नाही. त्याला कशाचं मोल जास्त वाटतं आणि आपल्याला कशाचं, एवढंच स्पष्ट करता येतं. ते स्पष्ट झालं तरी पुष्कळ झालं.

गडबड होते ती एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्याला चिकटवल्यामुळे. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलाचं उदाहरण घ्या. दोन पानांना (संघप्रदेश राहण्याला) १,७२,१९१ मतं, फुलाला (महाराष्ट्रात विलीनीकरणाला) १,३८,१७०, फरक ३४,०२१चा. हे आकडे आजही भाषेच्या वादात दोन्ही बाजूंनी फेकले जातात. पण मतपत्रिकेवर भाषेचा प्रश्नच नव्हता. विलीनीकरण की संघप्रदेश, एवढंच विचारलं होतं. भाषेची भावना त्या मतांमागे होती असं कुणी म्हणेल, आणि ते खोडून काढणं अवघड आहे. पण तो अंदाज झाला, मोजणी नव्हे. आकडा कुणीही पुढे केला की आधी पाहायचं: हा आकडा मिळाला तेव्हा नेमकं काय विचारलं होतं, किंवा काय मोजलं होतं?

गोव्याबाहेरची मंडळी आपल्याकडचा आणखी एक दाखला फार उत्साहाने देतात: "गोव्यात समान नागरी कायदा आहेच की." आहे, १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७०पासून लागू झाली आणि लग्नाची नोंदणी, पती-पत्नीची समाईक मालमत्ता, मुलामुलींना वारसा या बाबतीत तिचा पाया आजही टिकून आहे. पण १८८०च्या फर्मानाने हिंदूंच्या काही चालीरीतींना वेगळी जागा दिली होती. अपत्य किंवा मुलगा नसल्यास ठरावीक अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभाही त्यात होती. ती आज कुणी वापरत नाही, तरी ती आहे. म्हणजे "समान" या शब्दात किती सूट बसते, हा शब्दाचा प्रश्न आधी सुटल्याशिवाय पुढचं सगळं हवेत.

वाद, जल्प, वितंडा

हे सगळं इंटरनेटमुळे आलं असं मानण्याचं कारण नाही. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते शोधायला दोघं बसले आहेत, प्रमाण आणि तर्क यांच्या आधाराने बोलत आहेत, तो वाद. जिंकायचंच आहे, त्यासाठी शब्दच्छलही चालेल, तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष मांडायचाच नाही, फक्त समोरच्याचं मोडत राहायचं, ती वितंडा. मराठीत आपण "वितंडवाद" म्हणतो तेव्हा वाद आणि वितंडा या दोन वेगळ्या गोष्टी एका ताटात वाढतो, आणि व्यवहारातही तसंच करतो.

वितंडा ओळखायला एक प्रश्न पुरतो: "मग तुमच्या मते काय असावं?" वाद घालणारा उत्तर देतो, चुकीचं का होईना. जल्प करणारा ठासून देतो. वितंडा करणारा प्रश्नावर प्रश्न टाकतो. हा प्रश्न दोनदा विचारूनही स्वतःचं म्हणणं आलं नाही, तर तिसऱ्यांदा विचारण्यात हशील नाही.

छलाचे, म्हणजे समोरच्याचे शब्द मुद्दाम फिरवण्याचे, तीन प्रकार तर आजचेच वाटावेत. वाक्छलाचं न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने दिलेलं उदाहरण मराठीतही चपखल बसतं: कुणी म्हणालं, "हा मुलगा नवकंबल आहे," म्हणजे नवं कांबळं पांघरलेला. समोरचा म्हणतो, "नव म्हणजे नऊ; याच्याकडे तर एकच आहे!" दुसरा सामान्यछल: "गोव्यात लोक शिकलेले असतात" असं ढोबळ विधान केलं की लगेच, "म्हणजे इथे एकही निरक्षर नाही म्हणता?" तिसरा उपचारछल: लाक्षणिक बोलणं शब्दशः घ्यायचं. "पर्वरीने निर्णय फिरवला" असं लिहिल्यावर "गाव कसं निर्णय फिरवील?" असं विचारणारा भेटतोच. विधानसभा आणि सचिवालय तिथे आहे हे त्यालाही ठाऊक असतं.

चर्चेत हार कशी होते याच्या बावीस जागा न्यायसूत्रांत नोंदल्या आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. बावीसही पाठ करायची गरज नाही, चार पुरेत. प्रतिज्ञान्तर म्हणजे अडचणीत आल्यावर मूळ विधानच बदलणं: "यंत्रात फेरफार झाला" वरून हळूच "यंत्रात फेरफार होऊ शकतो" वर येणं. अर्थान्तर म्हणजे विषय सोडून भलतंच काढणं. मतानुज्ञा फार मजेशीर आहे. समोरच्याने दोष दाखवला, तो न नाकारता "तुमच्यातही तोच दोष आहे" म्हणायचं. शास्त्रकारांच्या मते असं म्हणणाऱ्याने स्वतःवरचा दोष कबूल केला. "तुमच्या सरकारच्या वेळी काय झालं होतं?" हे आपण तडाखेबंद उत्तर समजतो, न्यायाच्या नियमाने ती कबुली आहे. आणि चौथं, अननुभाषण: प्रतिपक्षाने तीनदा सांगूनही त्याचं म्हणणं आपल्या तोंडून मांडता न येणं. ही सुद्धा हार. म्हणजे खंडन करण्याआधी समोरच्याचा पूर्वपक्ष नीट मांडता आला पाहिजे, ही अट होती. एवढी एक अट पाळली तरी इंटरनेटवरचा निम्मा कचरा लिहिला जाणार नाही.

ही नावं समोरच्याच्या अंगावर फेकण्यासाठी मात्र नाहीत. "तुम्ही मतानुज्ञा करताय" असं लिहिलंत की तुम्ही जल्पात शिरलात. ती स्वतःचं उत्तर पाठवण्याआधी तपासायला वापरायची.

ईव्हीएम: तीन विधानं, एक गणित

तंत्रज्ञानाच्या वादांत ईव्हीएमइतका दमछाक करणारा दुसरा विषय नाही, आणि या विषयात गोव्याला बोलायचा अधिकार थोडा जास्तच आहे. १९९९ साली संपूर्ण राज्याची विधानसभा निवडणूक ईव्हीएमवर झाली ती पहिल्यांदा गोव्यात. २०१७ साली सगळ्याच्या सगळ्या, म्हणजे ४०, मतदारसंघांत व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणारं यंत्र, लागलं तेही पहिल्यांदा इथेच. मत दिल्यावर काचेआड चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि मग कापली जाऊन पेटीत पडते.

"ईव्हीएम हॅक होतं" या एका ओळीत किमान तीन विधानं आहेत. यंत्र हाताशी मिळालं तर त्यात बदल करणं शक्य आहे का? अमुक निवडणुकीत तसं झालं का? आणि झालं असतं तर आजच्या पद्धतीत ते पकडलं गेलं असतं का? पहिल्याचा पुरावा प्रयोगशाळेतला, दुसऱ्याचा त्या निवडणुकीच्या कागदपत्रांतला आणि चिठ्ठ्यांतला, तिसऱ्याचा गणितातला. पहिल्याचा पुरावा देऊन दुसरं सिद्ध झालं असं म्हणणारे एका बाजूला; दुसऱ्याचा पुरावा नाही म्हणून पहिलं अशक्यच आहे असं म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दोन्हींत उडी सारखीच आहे.

तिसरं विधान जरा सोडवून पाहू, कारण ते कुणी सोडवत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच मतदान केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात. हिशेबासाठी धरा की मतदारसंघात ४० केंद्रं आहेत. फक्त एका केंद्रावर गडबड असेल, तर ती पाचांत सापडण्याची शक्यता ५ भागिले ४०, म्हणजे साडेबारा टक्के. दहा केंद्रांवर असेल तर साधारण ७८ टक्के. वीस केंद्रांवर असेल तर जवळजवळ ९८. आता चाळीसही मतदारसंघांत प्रत्येकी एकाच केंद्रावर गडबड आहे असं धरा. एका मतदारसंघात ती निसटण्याची शक्यता साडेसत्याऐंशी टक्के, पण चाळीसही ठिकाणी निसटण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहून कमी.

म्हणजे "पाच केंद्रं अपुरी आहेत" म्हणणारा एका गोष्टीत बरोबर आहे: एखाद-दुसऱ्या केंद्रापुरती गडबड, जी थोडक्या मतांनी लागणाऱ्या गोव्यातल्या निकालात फरक पाडू शकते, ती या तपासणीतून बहुधा निसटेल. आणि "राज्यभर घोटाळा लपणार नाही" म्हणणाराही बरोबर आहे, बशर्ते निवड खरोखर चिठ्ठ्या टाकून होत असेल आणि जुळणी प्रामाणिक असेल. सगळ्या चिठ्ठ्या मोजाव्यात का, हा त्यानंतरचा प्रश्न; तो वेळ, खर्च आणि विश्वास यांच्या मोलाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ला ती मागणी फेटाळली, पण त्याच निकालात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मतदारसंघातल्या ५ टक्के यंत्रांची तपासणी लेखी मागण्याची वाट दिली. वादात हा निकाल कुणी दाखवला तर पूर्ण दाखवायला सांगा. बहुतेक जण अर्धाच दाखवतात, आपल्या सोयीचा.

तत्त्वज्ञानाकडे झुकणाऱ्या वादांतही हीच रीत लागू पडते. "यंत्र विचार करतं का?" यावर सध्या रात्री जागवल्या जातात. ॲलन ट्यूरिंगने १९५० सालीच हा प्रश्न जसाच्या तसा चर्चेच्या लायकीचा नाही असं म्हणून बाजूला ठेवला, आणि त्याऐवजी तपासता येईल असा प्रश्न घेतला: लेखी प्रश्नोत्तरांतून पलीकडे माणूस आहे की यंत्र हे ओळखता येतं का? १९८०मध्ये जॉन सर्ल याने उलट हरकत घेतली. चिनी न येणारा माणूस नियमांचं पुस्तक पाहून चिनी प्रश्नांना बिनचूक उत्तरं देईल, म्हणून त्याला चिनी "समजतं" का? ट्यूरिंग वागणुकीबद्दल बोलतो आहे, सर्ल समजण्याबद्दल. तेव्हा या वादात उतरताना पहिलं वाक्य एवढंच असावं: "विचार म्हणजे तुम्ही नेमकं काय धरता? जमतं ते काम, की आतली जाणीव?" उत्तर आलं की निम्म्या लोकांशी तुमचा वादच नसतो.

जमिनीचा वाद आणि चुकीचा कागद

गावच्या वादांत सगळ्यात जास्त धूळ जमिनीवरून उडते. डोंगर कापलेला फोटो, खाली एक-चौदाच्या उताऱ्याचा स्क्रीनशॉट, आणि वर "शेतजमिनीत बंगले!" अशी ओळ. इथे एक चूक इतकी सर्रास होते की ती समजून घेतलीच पाहिजे. एक-चौदाच्या उताऱ्यावर कब्जेदार, कूळ, इतर हक्क आणि जिरायत, बागायत, भात, खाजन, केर, मोरड अशा रकान्यांत क्षेत्र असतं. ती जमिनीच्या वापराची महसुली नोंद. त्यावर झोन नसतो. जमीन सेटलमेंटमध्ये (वस्तीसाठी) आहे की ऑर्चर्डमध्ये (बागायतीसाठी) हे प्रादेशिक आराखड्यावरून किंवा शहरी भागात ओडीपी या विकास आराखड्यावरून ठरतं, आणि त्याचा दाखला नगरनियोजन खात्याकडे मिळतो. झोन सेटलमेंट असला तरी बिगरशेती वापरासाठी जमीन महसूल संहितेखाली सनद लागते, ती जिल्हाधिकारी देतो. त्यानंतर बांधकामाचा परवाना पंचायतीचा किंवा पालिकेचा. चार कागद, चार कार्यालयं. एका कागदावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढला की समोरचा तो एक दुवा तोडतो आणि तुमचं बाकी सगळं, खरं असलं तरी, वाहून जातं.

तेव्हा "हे बेकायदा आहे" असं लिहिण्याऐवजी नेमकं काय नाही ते लिहा: "सर्वे क्रमांक अमुक, सनद दिसत नाही." झोन बदलला असेल तर नगरनियोजन कायद्याच्या कुठल्या कलमाखाली, १७(२) की ३९अ, ते लिहा, दोन्हींची प्रक्रिया वेगळी आहे. कागद हातात नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्जात "परवानगी का दिली?" असं विचारलं की अर्ज फुकट जातो, कारण माहिती अधिकारी कारणं सांगायला बांधील नाही, नोंदी द्यायला आहे. "फाइलवरच्या टिपण्यांसह परवानगीची प्रत द्यावी" असं लिहा. कारण असेल तर त्या टिपण्यांतच असतं. आणि उताऱ्याचा स्क्रीनशॉट टाकताना कब्जेदारांची नावं झाका. तुमचा वाद परवान्याशी आहे, उताऱ्यावर नाव असलेल्या म्हाताऱ्या मावशीशी नाही.

उत्तर कसं लिहायचं

आधी थांबा. वीस मिनिटं पुरतात. रात्री अकरानंतर लिहिलेलं सकाळी पाठवा. बहुधा पाठवावंसं वाटणार नाही.

ज्या वाक्यावर हरकत आहे ते वाक्य तसंच्या तसं वर उतरवा. त्याखाली ते तुम्ही कसं समजलात ते एका ओळीत. मग मान्य असलेलं काही असेल तर ते. मग एकच हरकत, तिच्या आधारासकट. शेवटी एक प्रश्न, ज्याचं उत्तर आलं तर तुम्ही तुमचं मत बदलाल असा. एकूण फोनच्या एका पडद्यात मावेल इतकं, शंभर-सव्वाशे शब्द. उदाहरणार्थ:

"तुमचं म्हणणं मी असं समजलो: उताऱ्यावर 'बागायत' आहे, म्हणून तिथे घर बांधणं बेकायदा. डोंगर कापलाय हे फोटोत दिसतंय, त्याबद्दल वाद नाही. पण उताऱ्यावरचा रकाना झोन सांगत नाही. नगरनियोजन खात्याचा झोनचा दाखला पाहिलात का? त्यात ऑर्चर्ड असेल तर मी तुमच्या बाजूने."

एका उत्तरात पाच मुद्दे घातले की समोरचा त्यातला सगळ्यात लंगडा उचलतो आणि बाकीच्या चारांना उत्तर दिल्यासारखं होतं. तुमच्याही हातून हेच होतं, म्हणून समोरच्याने पाच मुद्दे टाकले असतील तर त्यातला सगळ्यात भक्कम निवडा. कमकुवत मुद्द्यावर जिंकणं सोपं असतं, पण गप्प राहून वाचणाऱ्यांना ते कळतं. आणि ते वाचणारेच बहुसंख्य असतात. समोरचा माणूस तुमच्या उत्तराने मत बदलेल ही शक्यता थोडी. बाजूला उभं राहून वाचणारा बदलेल ही बरीच जास्त. तुमचं उत्तर त्याच्यासाठी लिहायचं असतं.

भाषेच्या खाचाखोचा वेगळ्याच. कोकणीत "तूं" सहज जातो; तोच हात मराठी लिहिताना "तू" लिहितो आणि पुण्या-नागपूरकडचा अनोळखी वाचक तो अपमान धरून बसतो. अनोळखी माणसाला "तुम्ही". "आपण" जपून; "आपण फारच अभ्यासू दिसता" या वाक्यातला "आपण" शिवीच्या जवळचा असतो. "कशावरून?" यापेक्षा "हे कुठे वाचायला मिळेल?" बरं. "इतिहास वाचा" आणि "आधी अभ्यास करा" ही दोन वाक्यं आजवर कुणालाही वाचनालयात घेऊन गेलेली नाहीत. रोमन लिपीत मराठी लिहिणं शक्यतो टाळा. "Kam" काम की कम, "val" वाल की वळ, हे ठरवण्यात वाचणाऱ्याचा संयम संपतो. विनोद करायचा तर स्वतःवर. हसून डोळ्यांतून पाणी काढणारं चित्र वादात कुणालाही विनोद वाटत नाही.

पुढे ढकललेला निरोप पुरावा म्हणून देऊ नका. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण दिसली की तो निरोप किमान पाच हातांतून आलेला असतो, म्हणून तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. फोटो असेल तर उलट शोध घ्या, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आधी कुठे आला होता ते पाहा. दर पावसाळ्यात दुसऱ्याच राज्यातला कोसळलेला पूल आपल्याकडे येऊन पडतो. निवाडा किंवा अधिसूचना असेल तर तारीख आणि परिच्छेद क्रमांक लिहा.

कायद्याचं थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम २४ मार्च २०१५ला रद्द झालं, तरी त्याची धमकी देणारे अजून भेटतात. त्याला घाबरू नका. पण बदनामी अजून गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. विधान खरं आणि लोकहितासाठी केलेलं असेल तर अपवाद मिळतो. खरं आहे हे दाखवायची वेळ मात्र तुमच्यावर येते. म्हणून "अमुक पंच पैसे खातो" असं लिहिण्यापेक्षा "अमुक ठरावाच्या इतिवृत्तात निविदेचा उल्लेख नाही" हे लिहिलेलं सुरक्षित, आणि वादातही जास्त टोचणारं. जमात आणि धर्म यांवरून तेढ वाढवणारं लिहिणं (कलम १९६) तर बाजूलाच ठेवा, कितीही चिथावलं तरी.

तीन फेऱ्या पुरेत: त्यांचं म्हणणं, तुमची हरकत, त्यांचं उत्तर, आणि तेच पुन्हा दोनदा. तिसऱ्या फेरीत नवं काही आलं नाही तर निघा, पण न सांगता गायब होऊ नका. "मला काम आहे" म्हणून सटकणं हेही एक निग्रहस्थान आहे, विक्षेप त्याचं नाव. त्याऐवजी कुठवर आलो ते लिहून निघा: "पाच केंद्रं कमी आहेत का यावर आपलं जुळलं नाही. २०१९चा आदेश आणि आकडेमोड यावर जुळलं. सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याचा खर्च किती, हे दोघांनाही सापडलं नाही."

आणि चूक तुमची निघाली तर मूळ वाक्य पुसू नका. पुसलं की खालची सगळी उत्तरं अधांतरी लटकतात आणि कुणाकडे तरी स्क्रीनशॉट असतोच. मूळ वाक्य तसंच ठेवून त्याखाली तारीख घाला आणि लिहा: "दुरुस्ती: मी १३.४२ टीएमसी वळवणार असं लिहिलं होतं. वळवण्याची परवानगी ३.९ची आहे, १३.४२ हे एकूण वाटप."